दासदासींवरही

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २:१-१८, १ करिंथ १३



पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने योएल संदेष्ट्याचा आधार घेऊन जे सांगितले, त्यात पुत्रांबरोबर कन्या आहेत आणि दास व दासीही आहेत. हा पाठ आपण दरवर्षी ऐकतो, पण त्या शेवटच्या दोन शब्दांवर थांबत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पेन्टेकॉस्टल चळवळ उदयास आली. तिचा इतिहास पाहिला म्हणजे ते शब्द किती अक्षरशः खरे ठरले, हे ध्यानात येते.

प्रथम आपल्याच भाषेच्या मुलखात, केडगावास जाऊ. पंडिता रमाबाईंनी १८९७ साली मध्य प्रांतातून व १९०० साली गुजरातेतून दुष्काळग्रस्त मुली आणून मुक्तिसदनात सांभाळल्या होत्या. वेल्समधील १९०४ च्या उज्जीवनाची वार्ता आली, तेव्हा बाईंनी प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. जानेवारी १९०५ मध्ये सत्तर जणी आल्या; जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीवर अग्नी उतरल्याचे तिच्या सोबतिणीला दिसले आणि ती पाण्याची बादली आणायला धावली! ती आग जाळणारी नाही, हे तिला मग उमगले. दुसऱ्या दिवशी बाई योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत असता मुली रडत, पापे कबूल करीत मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि बाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे याच मुली टोळ्या करून खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगू लागल्या.

आता अमेरिकेकडे वळू. १९०१ साली टोपेका गावी चार्ल्स पारहॅम यांच्या शाळेत अन्य भाषांचा अनुभव आला होता. पुढे ह्यूस्टन येथे विल्यम सीमोर त्यांच्याकडे शिकावयास गेले. सीमोर हे गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचे पुत्र. वर्णभेदामुळे त्यांना गोऱ्यांबरोबर वर्गात बसू दिले नाही. दाराबाहेर बसून त्यांनी धडे ऐकले. त्याच दाराबाहेरच्या शिष्याला देवाने १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावर उभे केले. जागा म्हणजे तबेल्यासारखी वापरलेली जुनी इमारत, आणि व्यासपीठ लाकडी खोक्यांचे. तेथे काळे-गोरे, स्त्री-पुरुष एकत्र गुडघे टेकीत.

बंधुभगिनींनो, यापुढचा भाग दुःखाचा आहे. पारहॅम त्याच वर्षी तेथे आले, आणि वर्णांची ही सरमिसळ त्यांना सहन झाली नाही. पुढे काळ्यांच्या व गोऱ्यांच्या संस्था वेगळ्या झाल्या. आत्म्याने जोडलेले माणसाने तोडले.

अन्य भाषांविषयी आपल्या मंडळ्यांत आजही वाद होतात. अशा वेळी रमाबाईंची भूमिका आठवावी. मुक्तिसदनातही मुली अन्य भाषा बोलू लागल्या होत्या, तरी बाईंनी त्या कृपादानाचा अव्हेर केला नाही आणि ते सर्वांवर लादलेही नाही. आत्म्याच्या बाप्तिस्म्याची आवश्यक खूण प्रीती होय, असे त्यांनी शिकवले. पौलाने करिंथकरांना हेच लिहिले आहे.

तर मग आपण स्वतःला तपासू या. धुणीभांडी करून थकून उपासनेला येणारी बहीण मागच्या बाकावरून प्रार्थना करू लागली, तर आपण आमेन म्हणतो की घड्याळ पाहतो? एखादे कुटुंब पेन्टेकॉस्टल मंडळीत गेले, म्हणजे आपण त्याचे नाव वहीतून खोडतो. पण आपल्याकडे त्याला काय मिळाले नाही, हे विचारायला त्याच्या घरी जातो का? आणि ज्यांना कृपादान लाभले आहे, तेही न लाभलेल्या भावाला कमी लेखतात का?

आपल्या दाराबाहेर कोण बसले आहे ते पाहू या. कदाचित आपण ज्या वर्षावासाठी प्रार्थना करीत आहोत, तो प्रथम त्याच्यावरच व्हावयाचा असेल. त्याला आत घेण्याची प्रीती देवबाप आपणांस देवो. आमेन.