प्रकाशाची वाटणी

१८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमधील ‘बुलेव्हार द्यु तांप्ल’ हा रस्ता चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर टिपला. रस्ता वर्दळीचा, चित्रात मात्र तो जवळजवळ निर्मनुष्य आहे. चित्र उमटायला काही मिनिटे लागत आणि तेवढ्या अवधीत जे हलले ते उमटलेच नाही. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ. पॉलिश करणाराही आहे, पण त्याचे हात चालू होते. तो अधिक पुसट आहे. हे चित्र खोटे म्हणावे काय? पत्र्याने पदरचे काहीच घातलेले नाही. तरीही त्याची साक्ष खरी म्हणवत नाही.

डिजिटल कॅमेऱ्याने हा प्रश्न सोडवला असे वाटते. वस्तुतः त्याने तो तीन ठिकाणी वाटून दिला. छिद्र एफ ८, शटर सेकंदाचा १२५वा भाग आणि आयएसओ १०० यांनी चित्र जेवढे उजळ येते, तेवढेच एफ ४ आणि ५००वा भाग घेतल्यानेही येते. किंवा एफ ८ व ५००वा भाग ठेवून आयएसओ ४०० केल्यानेही. पहिल्यात धावत्या मुलाचे हातपाय पुसटतात. दुसऱ्यात मूल स्पष्ट, पण मागची वस्ती विरघळते. तिसऱ्यात दोन्ही राहतात आणि सावल्या रवाळ होतात. (आयएसओ प्रकाश वाढवत नाही; मिळालेल्या प्रकाशाचा संकेत तेवढा मोठा करतो, आणि त्याबरोबर त्यातली उणीवही.)

म्हणूनच ‘समतोल’ हा शब्द मला येथे फसवा वाटतो. कॅमेऱ्यातील मापक उजेड मोजतो. हानी कोणाच्या वाट्याला गेली हे त्याला कळत नाही. वस्ती धूसर केली की मुलाचा चेहरा अधिक करुण दिसतो, पण त्या कारुण्याचे कारण चौकटीत असूनही नाहीसे होते.

निवड साहित्यातही असतेच, असा आक्षेप येईल. परंतु कादंबरीवर लेखकाचे नाव असते आणि वाचक निवड गृहीत धरूनच वाचतो. छायाचित्राला मात्र आपण पुरावा म्हणतो. स्वयंचलित मांडणीत तर हा निर्णय बहुतांशी यंत्राच्या रचनाकाराने आधीच घेतलेला असतो, आणि छायाचित्रकार तो आपलाच समजतो. हे तिन्ही आकडे डिजिटल चित्रासोबत सहसा आपोआप नोंदले जातात. वृत्तपत्रातील चित्राखाली ते क्वचितच छापले जातात.