शेजारची सीट

"हौसेला मोल नाही" असं आपण म्हणतो. गेल्या हिवाळ्यात मला कळलं की हे काही खरं नाही. हौसेला मोल असतं, ते डॉलरमध्ये असतं, आणि आपण एकेका चौकोनात टिचकी मारू तसतसं ते स्क्रीनच्या कोपऱ्यात वाढत जातं!

त्याचं झालं असं की वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी नवी कोरी स्पोर्ट्‌स कार घ्यायचं ठरवलं. शेव्हरोले कॉर्व्हेट. २००२ साली दोन सुटकेसेस घेऊन एम.एस.साठी या देशात आलो, तेव्हापासून मनात होती. मधल्या काळात नोकरी, ग्रीन कार्ड, घर, मुलीचं शिक्षण हे सगळं यथासांग झालं. दहा वर्षांपूर्वी एक जुनी माझदा मियाटा घेतली आणि शिकागोहून दोन-अडीच तासांवर, विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेक गावाजवळच्या 'रोड अमेरिका' ट्रॅकवर उन्हाळ्यात चार-पाच वेळा जाऊ लागलो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही शर्यत नव्हे. इथे नंबर नाही, बक्षीस नाही. आपापली गाडी वेगात पण शिस्तीत कशी चालवावी हे शिकण्याचा तो दिवस असतो. अनुभवाप्रमाणे गट पाडतात, आणि नवशिक्याच्या शेजारच्या सीटवर एक प्रशिक्षक बसतो. वेड्यांची जत्रा म्हणा हवं तर, पण सकाळी सात वाजता वेळेवर भरणारी जत्रा.

तर नव्या गाडीची ऑर्डर द्यायची म्हणून एका शनिवारी रात्री मी लॅपटॉप उघडून बसलो. आजकाल गाडी विकत घेत नाहीत, 'कॉन्फिगर' करतात. हा मुळात माझ्याच धंद्यातला शब्द. क्लायंटकडे जाऊन "तुम्हाला नक्की काय हवंय?" हे मी वीस वर्षं विचारत आलोय. तो प्रश्न स्वतःला विचारायची वेळ आली तेव्हा मात्र घाम फुटला.

कारण यादी संपेना. झेड-५१ नावाचं पॅकेज काही हजार डॉलरचं. त्यात मोठे ब्रेक्स, इंजिन थंड ठेवायची जादा सोय, इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल, उन्हाळी टायर्स. ब्रेकचे कॅलिपर्स लाल, पिवळे की काळे, रंगाचे पैसे वेगळे. अंगाला घट्ट धरून ठेवणाऱ्या 'कॉम्पिटिशन' सीट्‌स. कार्बन फायबरचे तुकडे, आत आणि बाहेर. मागच्या काचेतून इंजिन दिसतं, तर त्या इंजिनाची शोभा वाढवायचं पॅकेज, त्यात दिवे! आपल्याकडे गणपतीच्या मखराला लावतात तसे दिवे इंजिनाला.

बायको शेजारी पुस्तक वाचत होती. मी प्रत्येक टिचकीबरोबर तिला कारण देत होतो. "हे सेफ्टीसाठी आहे. हेही सेफ्टीसाठीच." लाल कॅलिपर्सवर आलो तेव्हा तिने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "अरे, लाल रंगाने गाडी लवकर थांबते का?"

मला हसू आलं, पण रात्री झोप लागली नाही. कारण तिला माहीत नसलेली एक गोष्ट मला आठवत होती. ती आज इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

मियाटाचं दुसरं वर्ष. त्या हिवाळ्यात मी गाडीला नवी हलकी चाकं आणि नवा एक्झॉस्ट बसवला होता. आवाज असा की शेजाऱ्यांनी पडदे सरकवून पाहावं. ट्रॅकवर जाण्यापूर्वी एक तपासणीचा फॉर्म भरून सही करायची असते. त्यात ब्रेक फ्लुइड गेल्या काही महिन्यांत बदललंय का, असा एक प्रश्न होता. मी बदललं नव्हतं. वर्ष उलटून गेलं होतं. पण ब्रेक तर छान लागत होते. मी "हो" वर खूण केली.

रोड अमेरिका चार मैलांहून थोडा मोठा ट्रॅक आहे, चौदा वळणांचा, लांबलचक सरळ पट्ट्यांचा. पाचव्या वळणाकडे येताना उतार लागतो, काटा शंभर मैलांच्या वर असतो, आणि तिथे जोरात ब्रेक लावून डावीकडे काटकोनात वळायचं असतं. शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र इथे पायाखाली येतं. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ऊर्जा ब्रेक्सना उष्णता म्हणून पोटात घ्यावी लागते. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. ताज्या 'डॉट-४' फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ते उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. ब्रेक मात्र लागत नाही.

त्या दुपारी पाचव्या वळणापाशी माझा पाय पेडलसकट थेट खाली गेला.

झालं काहीच नाही. पेडल पुन्हा पुन्हा दाबत, गिअर खाली आणत मी वळायचा नाद सोडला आणि गाडी सरळ पुढच्या मोकळ्या जागेत नेली. थांबली. शेजारी प्रशिक्षक होते, साठीच्या पुढचे, निवृत्त शिक्षक. ते ओरडले नाहीत. थोड्या वेळाने फक्त एवढंच म्हणाले, "फ्लुइड कधी बदललं होतंस?" मी खरं सांगितलं. ते बराच वेळ समोर पाहत राहिले. दुपारी जेवताना त्यांनी मला फोनवर नातींचे फोटो दाखवले. मुद्दाम दाखवले की सहज, ते मी विचारलं नाही.

खोटी सही करताना मी फक्त माझ्यापुरता धोका पत्करतोय, अशी माझी समजूत होती. शेजारची सीट रिकामी नसणार, हे माहीत असूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

या छंदाच्या जगात एक साधा नियम आहे. अनेक क्लब तो पाळतात. चालकाने स्वतःसाठी शर्यतीच्या गाडीसारखे खास पट्टे बसवले असतील, तर शेजारच्या सीटलाही तसेच पट्टे हवेत. स्वतःला चांगले आणि प्रशिक्षकाला साधे, हे चालणार नाही. पहिल्यांदा वाचला तेव्हा हा नियम मला कागदी वाटला होता. आता वाटतं, नीतिशास्त्राचं अख्खं प्रकरण त्यात मावलंय. आपण स्वतःसाठी जी सुरक्षितता विकत घेतो, ती आपल्यामुळे धोक्यात येणाऱ्या माणसालाही मिळते का?

रोड अमेरिकाचा इतिहासही हेच सांगतो. १९५० ते १९५२ या काळात एल्कहार्ट लेकमध्ये गाड्यांच्या शर्यती गावाच्या भोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवर होत. लोक कडेला उभे राहून पाहत. १९५२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनमध्ये अशाच रस्त्यावरच्या शर्यतीत सात वर्षांचा एक मुलगा, जो नुसता पाहायला आला होता, गाडीची धडक बसून दगावला. सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यती बंद झाल्या आणि १९५५ साली रोड अमेरिका हा बंदिस्त ट्रॅक उभा राहिला. ज्या डांबरावर आम्ही हौस भागवतो, त्याचा अर्थ इतकाच की वेगाचा धोका ज्याने तो मागितलेला नाही त्याच्या अंगावर जाऊ नये.

इथे एक खोच आहे. सुरक्षिततेची साधनं वाढवली की माणूस सुरक्षित होतोच असं नाही. सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली असं मांडलं की गाड्यांमध्ये सक्तीची सुरक्षासाधनं आल्यावर चालक जास्त धोका पत्करू लागले आणि त्याची किंमत काही अंशी पादचाऱ्यांना मोजावी लागली. त्यांच्या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला, पण त्यामागची मनोवृत्ती मी स्वतःत पाहिली आहे. मोठे ब्रेक्स आले की मी आधीच्याच खुणेपाशी ब्रेक लावून शिल्लक अंतर पदरात पाडून घेत नाही. मी ब्रेक आणखी उशिरा लावतो! विकत घेतलेली सुरक्षितता मी लगेच वेगात मोडून टाकतो.

या विचारात असताना बाबांची स्कूटर आठवली. बजाज चेतक. साताऱ्याला आम्ही राहत असू तेव्हाची. त्या काळात बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. रंग निवडायचा प्रश्नच नव्हता, येईल तो आपला. आमच्या वाट्याला फिकट निळा आला आणि आम्ही सगळ्यांना तोच आवडतो असं सांगू लागलो. स्कूटर आली त्या दिवशी बाबा बाजारात गेले. त्यांच्या मित्रांच्या स्कूटरना संगीत वाजवणारे हॉर्न होते, आरशांना झिरमिळ्या होत्या. बाबांनी एकच वस्तू बसवून आणली. आई साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसायची, तिला पाय ठेवायला घडीचं फूटरेस्ट. पहिली आणि शेवटची ॲक्सेसरी, आणि तीही मागच्या सीटसाठी.

बाबांकडे पर्याय नव्हते म्हणून ते साधे राहिले, असं मी बरीच वर्षं समजत होतो. पण एक निवड त्यांच्या हातात होती, आणि ती त्यांनी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी पुन्हा उघडली आणि वेगळ्या पद्धतीने चाळली. 'गरज की चैन' हा नेहमीचा प्रश्न बाजूला ठेवला, कारण त्या कसोटीवर पूर्ण गाडीच चैन ठरते, आणि मग माणूस एकतर सगळं सोडतो किंवा सगळ्याला 'सेफ्टी' म्हणतो. त्याऐवजी प्रत्येक ऑप्शनपुढे विचारलं, याचा उपयोग शेजारच्या सीटला आहे का?

झेड-५१ राहिलं. तापलेल्या ब्रेक्सचा धोका दोन्ही सीट्‌सना सारखाच असतो. परफॉर्मन्स डेटा रेकॉर्डर राहिला. तो कॅमेऱ्याने आणि आकड्यांनी आपलं चालवणं टिपतो आणि घरी आल्यावर आरशासारखा समोर धरतो. ब्रेक किती उशिरा लावले, हे त्याच्यापुढे लपवता येत नाही. कार्बन फायबर गेलं, इंजिनाचे दिवे गेले. त्या पैशात ड्रायव्हिंग स्कूलचे दोन दिवस, चांगलं फ्लुइड आणि ते दर मोसमाआधी बदलण्याचा खर्च बसतो. कॉम्पिटिशन सीट्‌सचा मोह मोठा होता. त्या वळणावर शरीराला जागेवर धरतात, हे खरं आहे. पण बायकोची पाठ दुखते, आणि आई उन्हाळ्यात येते तेव्हा तिच्या गुडघ्यांना उंच कडा ओलांडवत नाही. ट्रॅकवरचे पाच दिवस आणि घरातली माणसं यांच्यात मी साध्या सीट्‌स निवडल्या. ट्रॅकवर मला थोडं घसरून बसावं लागेल, चालेल.

लाल कॅलिपर्स मात्र घेतले! लाल रंगाने गाडी लवकर थांबत नाही. मला तो आवडतो, बस. हौसेला हौस म्हणून घेतलं की मन हलकं होतं, हे त्या दिवशी कळलं. गरजेचं सोंग घेतलेली हौस जास्त घातक, कारण ती खऱ्या गरजेची जागा अडवते. माझ्या मियाटाला नवी चाकं आली होती, फ्लुइड जुनंच राहिलं होतं.

मंडळाच्या कोजागिरीला एका मित्राने विचारलंच, "एवढ्या पैशात गावाकडे एखाद्या शाळेच्या खोल्या बांधून झाल्या असत्या, नाही?" त्याचा प्रश्न खोटा नाही आणि माझ्याकडे त्याला गप्प करणारं उत्तर नाही. मी इतकंच म्हटलं की हा प्रश्न माझ्या गाडीइतकाच आपल्या सगळ्यांच्या बेसमेंटमधल्या होम थिएटरलाही लागू आहे, आणि तो विचारत राहिला पाहिजे. आपण दूर देशी राहतो तेव्हा शेजारची सीट कधी कधी आठ हजार मैलांवर असते. ती दिसत नाही म्हणून रिकामी असते असं नाही.

ऑर्डर दिली आहे. गाडी केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात तयार होऊन यायला काही महिने लागतील. बाबांनी जितकी वर्षं वाट पाहिली, जवळजवळ तितके महिने! त्या प्रशिक्षकांना मी पत्र लिहिलं, त्या दिवशीच्या खोट्या सहीबद्दल माफी मागितली आणि नव्या गाडीत शेजारी बसाल का, असं विचारलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. आधी फ्लुइड बदलल्याची पावती दाखव!

आईला फोनवर गाडीचा फोटो पाठवला. तिने बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे रे. पण एवढी बुटकी? बसेन मी, पण उठवायला तुम्ही दोघं लागाल."

उठवू की. त्यासाठीच तर साध्या सीट्‌स घेतल्या.