शब्द बदलल्यावर उरते ते मत

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठाने जैनांचे संथारा व्रत ही आत्महत्याच आहे, असा निकाल दिला. अन्नपाणी क्रमाने सोडून मृत्यूला सामोरे जाण्याचे हे व्रत जैन धर्माचा अनिवार्य भाग आहे, हे न्यायालयाला पटले नाही. त्यामुळे व्रत घेणाऱ्याला भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ आणि त्याला साथ देणाऱ्यांना कलम ३०६ लागू होणार होते. मूळ याचिका २००६ सालची. निकालानंतर दोन आठवड्यांनी, २४ ऑगस्टला, जैन समाजाने देशभर मूक मोर्चे काढले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. मोर्चे थांबले, प्रश्न काही सुटला नाही.

हा प्रश्न जयपुरात दोन तऱ्हांनी विचारता येतो. एक : ‘धर्माच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाला उपाशी मरू द्यायचे का?’ दुसरी : ‘आयुष्य पुरे झालेल्या माणसाला शांतपणे देह ठेवू द्यायचा की नाही?’ पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हणणारा माणूस एकच असू शकतो, आणि आपण विसंगत बोललो असे त्याला वाटतही नाही. मग त्याचे मत कोणते धरायचे?

हा केवळ आपल्याकडचा पेच नाही. अमेरिकेत धर्म आणि राजकारण जिथे एकमेकांत अडकते अशा प्रश्नांवर जनमत मोजण्याची मोठी परंपरा आहे, आणि मरणाचा हक्क हा त्यांतलाच एक प्रश्न. गॅलप या संस्थेने २०१३ साली तो दोन प्रकारे विचारून पाहिला. बरा न होणारा आजार असलेल्या रुग्णाने मागणी केली, तर डॉक्टरांनी ‘वेदना न देता त्याचे आयुष्य संपवावे’ याला कायद्याची मुभा असावी का? ७० टक्के लोक ‘हो’ म्हणाले. तीच मुभा ‘आत्महत्या करण्यास रुग्णाला मदत करावी’ अशा शब्दांत मांडली, तेव्हा ‘हो’ म्हणणारे ५१ टक्के उरले. गंमत अशी की, नीट वाचले तर पहिला प्रश्न अधिक धाडसी आहे. त्यात प्राण घेणारा हात डॉक्टरचा आहे. दुसऱ्यात तो रुग्णाचा स्वतःचा आहे. तरीही लोक बिचकले ते दुसऱ्याला, कारण त्यात ‘आत्महत्या’ हा शब्द होता.

भाषांतराचे काम करणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही. एका वस्तूला दोन नावे असली की प्रत्येक नाव आपापला निवाडा सोबत घेऊन येते, हे आम्हाला रोजच्या कामात दिसते. मराठीत तर या बाबतीत शब्दांची श्रीमंतीच आहे. प्रायोपवेशन, देहत्याग, आत्मार्पण, सल्लेखना, संजीवन समाधी. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न आणि औषध सोडून मृत्यू पत्करला; आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद करणारा लेख त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला आजारपणात अन्न-औषध नाकारले आणि १५ तारखेला देह ठेवला. मराठी सीमाभागातून आलेले आचार्य शांतिसागर महाराज १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन गेले. तिघांचे विचार आणि अनुयायी निराळे, पण तिघांसाठीही मराठी माणसाने ‘आत्महत्या’ हा शब्द सहसा वापरला नाही. तोच शब्द विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी मात्र आपण सहज वापरतो. म्हणजे आपण कृतीला नाव देतो की माणसाला?

इथपर्यंत आल्यावर वाटेल की मवाळ, आदराचा शब्द वापरावा आणि प्रत्येकाच्या श्रद्धेचा मान राखावा, एवढेच बरे. पण याच राजस्थानात त्या वाटेवरचा धोकाही दिसला आहे. ४ सप्टेंबर १९८७ रोजी सीकर जिल्ह्यातल्या देवराला गावात रूपकंवर पतीच्या चितेवर जळाली. ती अठरा वर्षांची होती. लग्नाला वर्षही झाले नव्हते. मराठीत आपण म्हणतो, ‘ती सती गेली.’ व्याकरण पाहा : कर्ता ती, क्रियापद जाण्याचे. चिता कोणी रचली, कोण भोवती उभे होते, तिला उतरता आले असते का, यांतले काहीच त्या वाक्यात मावत नाही. थेऊरला १७७२ साली माधवराव पेशव्यांमागे रमाबाई ‘सती गेल्या’ हे वाक्य आपण पिढ्यान्पिढ्या हळव्या स्वरात उच्चारत आलो, तेही याच व्याकरणाने. देवरालानंतर जयपुरात दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले. समर्थकांचा मुद्दा साधा होता : तिची इच्छा, आमची श्रद्धा. त्याच वर्षी संसदेने कायदा करून सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवला. उदात्तीकरणाच्या एका खटल्यातले आठ आरोपी ऑक्टोबर २०२४ मध्ये जयपूरच्या विशेष न्यायालयात निर्दोष सुटले.

म्हणजे कठोर शब्दाने एका वृद्धाची आयुष्यभराची साधना गुन्हा ठरू शकते आणि आदराच्या शब्दाने एका मुलीचे जळणे भक्ती ठरू शकते. शब्द निवडून दोन्हीकडे हवे ते उत्तर मिळवता येते. मग जनमत म्हणून काही असतेच का, की प्रश्न विचारणाऱ्याच्याच आवाजाचा तो पडसाद?

असते, असे मला वाटते, आणि त्याचा पुरावाही अमेरिकेतच सापडतो. गर्भपाताचा घटनात्मक हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये काढून घेतला. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायो राज्यात हा हक्क राज्यघटनेत घालण्यासाठी मतदान झाले. दुरुस्तीच्या मूळ मसुद्यात ‘गर्भ’ या अर्थाचा वैद्यकीय शब्द होता. मतपत्रिकेवरचा सारांश ठरवणाऱ्या मंडळाने त्या जागी ‘न जन्मलेले मूल’ असे शब्द घातले. ओहायो काही डावे राज्य नव्हे. २०१६ आणि २०२० दोन्ही वेळा तिथे ट्रम्प जिंकले होते. तरीही सुमारे ५७ टक्के मतदारांनी दुरुस्तीच्या बाजूने कौल दिला. शब्द बदलला, पण मत हलले नाही. हा प्रश्न तिथे जवळजवळ पन्नास वर्षे घराघरांत चर्चिला गेला होता. ज्या बाईवर ती वेळ आली तिला ओळखणारे, तिच्यासोबत दवाखान्यात बसलेले लोक मतदारांत होते. त्यांचे मत शब्दावर नव्हे, पाहिलेल्या आयुष्यांवर उभे होते. ते मत बरोबर की चूक हा वाद वेगळा. पण ते मत होते.

यातून एक कसोटी हाती येते. आपले उत्तर विरुद्ध पक्षाच्या शब्दांत मांडून पाहायचे. संथाऱ्याला विरोध असेल, तर ‘शांतपणे देह ठेवणे’ हे शब्द वापरूनही तो विरोध टिकतो का? पाठिंबा असेल, तर ‘उपासमारीने मृत्यू’ असे म्हटल्यावरही टिकतो का? टिकत नसेल, तर आपल्याजवळ मत नाही, फक्त एका शब्दाची सवय आहे. आणि टिकवायचे तर शब्दाखाली उतरून साधे प्रश्न विचारावे लागतात. व्रत मागणारी व्यक्ती किती वयाची, कशाने आजारी? तिच्या दुखण्यावर उपचार होऊ शकत होते का? व्रताची कल्पना आधी कोणाला सुचली, तिला की घरच्यांना? तिसऱ्या दिवशी तिने पाणी मागितले, तर ते मिळेल का? आणि दर्शनाला रांग लागलेली असताना ते मागण्याची तिला हिंमत होईल का?

हे प्रश्न विचारले की संथारा आणि सती यांतला फरक कोणत्याही शब्दाविना दिसू लागतो. चितेवरून परतीची वाट नसते. संथारा दिवसांचा, कधी आठवड्यांचा असतो आणि परतण्याला निदान वेळ तरी असतो. म्हणून एखाद्या वृद्धाने पूर्ण भानावर असताना, बरा न होणाऱ्या आजारात हा मार्ग निवडला, तर त्याच्या दारात पोलीस जाऊ नयेत, असे माझे मत आहे. ‘उपासमारीने मृत्यू’ हे शब्द समोर ठेवूनही मला ते सोडावेसे वाटत नाही. पण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, भोवतीच्या जयजयकारात पाणी मागणे अशक्य झाले असेल, तर ‘व्रत’ हा शब्द मला पुरेसा वाटणार नाही.

लोकशाहीत मत देण्याचा अधिकार सर्वांना आहे, हे आपण वारंवार सांगतो. प्रश्न विचारणाऱ्याचे कर्तव्य काय, हे फारसे सांगत नाही. न्यायालय असो, वर्तमानपत्र असो, मतदानाचे मंडळ असो की जेवणाच्या ताटावर वाद घालणारे आपण. धर्माच्या वादात प्रश्न मांडणारा निम्मा निवाडा आधीच करून टाकतो. प्रामाणिकपणाची किमान अट एवढीच, की प्रश्न असा मांडावा, जो दोन्ही पक्षांना ‘हो, आमचा वाद हाच आहे’ म्हणून ओळखता येईल. तसा शब्द दर वेळी सापडेलच असे नाही. सापडला नाही, तर दोन्ही शब्द समोर ठेवावेत आणि उत्तराची घाई करू नये. कारण त्या दोन शब्दांच्या मधे एक जिवंत माणूस अंथरुणावर पडलेला असतो, आणि त्याला अजून आपण काहीच विचारलेले नसते.