ताबा, वहिवाट आणि हक्क

'व्याप्त प्रदेश' ही संज्ञा मराठी वाचकाला 'पाकव्याप्त काश्मीर' या शब्दयोजनेमुळे परिचित आहे. आपल्या न्यायदर्शनात 'व्याप्ती' म्हणजे धूम आणि अग्नी यांच्यातील नियत साहचर्य. राजकीय परिभाषेत आलेल्या 'व्याप्त' या शब्दाला त्या नियततेची अस्पष्ट छटा चिकटून राहिली आहे. व्यापणारा कोण, कोणत्या अधिकाराने आणि किती काळासाठी, हे प्रश्न या विशेषणात झाकले जातात. त्यापेक्षा 'ताबा' हा व्यवहारातला शब्द अधिक प्रामाणिक ठरतो. ताबा म्हणजे मालकी नव्हे, हे सातबाऱ्याशी संबंध आलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. प्रस्तुत लेखातील प्रश्न या भेदातूनच उद्भवतो : दीर्घकाळ टिकलेल्या ताब्यातून हक्क निर्माण होतो काय? जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा हे प्रदेश ताब्यात घेतले, त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. हा प्रश्न केवळ विधिज्ञांचा नाही. तो नैतिक आहे, आणि संहिता व अन्वयार्थ यांचा असल्यामुळे आपल्याही अभ्यासक्षेत्राचा आहे.

प्रथम कायद्याची भूमिका पाहू. १९०७ ची हेग नियमावली लष्करी ताब्याला निषिद्ध मानत नाही. त्याला मर्यादा घालते. ताबा घेणाऱ्या सत्तेने सुव्यवस्था राखावी आणि अगदीच अशक्य नसेल तर तेथील प्रचलित कायदे पाळावेत, असे कलम ४३ सांगते. कलम ५५ नुसार सार्वजनिक स्थावर मालमत्तेच्या बाबतीत ती सत्ता केवळ उपभोक्ती असते. तिने फळे घ्यावीत, परंतु मूळ झाडाला धक्का लावू नये. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराचे कलम ४९ स्थानिकांना हुसकावण्यास तर मनाई करतेच, शिवाय ताबा घेणाऱ्या सत्तेने आपल्या नागरी लोकसंख्येचा भाग तेथे हलवू नये असेही बजावते. या सर्व तरतुदींमागे एक काळविषयक गृहीतक आहे : ताबा हा तात्पुरता असतो. तो संपेल या अपेक्षेवरच कायद्याची सारी रचना उभी आहे.

या गृहीतकाला पहिला तडा वाचनाच्या पातळीवर गेला. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरक्षा परिषदेने एकमताने संमत केलेल्या ठराव २४२ च्या इंग्रजी पाठात, ज्या प्रदेशांतून इस्रायलने माघार घ्यावयाची त्या 'प्रदेशां'पूर्वी निश्चयवाचक उपपद नाही. फ्रेंच पाठात ते आहे. एवढ्या आधारावर 'सर्व प्रदेशांतून' की 'काही प्रदेशांतून' हा वाद आजवर चालला आहे. मराठीत असे उपपदच नसल्यामुळे आपल्या अनुवादकाला 'प्रदेशांतून' एवढेच म्हणता येईल आणि संदिग्धता आपोआप कायम राहील. परंतु अवयवाचा अर्थ अवयवीच्या आधारे लावावा, हे तत्त्व आपण काव्यार्थाच्या चर्चेत स्वीकारतो. त्याच ठरावाच्या उद्देशिकेत युद्धाने प्रदेश मिळवणे अग्राह्य असल्याचे म्हटले आहे. सीमारेषेवरील किरकोळ फेरबदलांना संदिग्ध उपपद वाव देईल. उद्देशिकेचे तत्त्व रद्द करण्याचे सामर्थ्य त्यात नाही. काव्याच्या अनेकार्थतेने कोणाचे घर जात नाही. कायद्याचे वाचन आणि त्यामागील हिंसा परस्परांपासून विलग करता येत नाहीत, हे रॉबर्ट कव्हर यांनी १९८६ च्या निबंधात दाखवून दिले. येथे अनेकार्थतेचा लाभ ज्याच्या हाती सत्ता आहे त्यालाच मिळतो, एवढे तरी आपण ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा तडा अधिक गंभीर आहे, कारण त्यामागे एक प्रतिष्ठित युक्तिवाद उभा करता येतो. काळाने हक्क निर्माण होतो, ही कल्पना अन्यायमूलकच असते असे नाही. आपल्याकडे वहिवाटीला मान्यता आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार खासगी जमिनीवरील बारा वर्षांच्या प्रतिकूल कब्जानंतर मूळ मालकाचा दावा संपतो. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेने तर कागदावरच्या मालकीपेक्षा प्रत्यक्ष श्रम श्रेष्ठ ठरवले. मग ज्यांनी दोन पिढ्या एखाद्या टेकडीवर घरे बांधली, बागा लावल्या, मुले वाढवली, त्यांची वहिवाट का मानू नये?

या प्रश्नाला भावनिक उत्तर पुरेसे नाही. वहिवाटीचे नैतिक समर्थन दोन अटींवर अवलंबून असते. मूळ हक्कदाराला दाद मागण्याची खरी संधी होती, ही पहिली. आणि संधी असूनही तो स्वस्थ राहिला, ही दुसरी. लष्करी ताब्याखालील माणसाच्या बाबतीत दुसरी अट तर मुळीच पूर्ण होत नाही. तो स्वस्थ राहिलेला नाही. पहिलीचा विचार मात्र काळजीपूर्वक केला पाहिजे. इस्रायलचे सर्वोच्च न्यायालय पॅलेस्टिनी रहिवाशांच्या याचिका ऐकते, हे मान्य केले पाहिजे. १९७९ साली एलोन मोरे प्रकरणात त्याने खासगी जमिनीवरील वसाहत हटवण्याचा आदेशही दिला. पण वसाहतींच्या एकूण धोरणाची वैधता हा राजकीय विषय आहे, असे सांगून १९९३ साली त्याच न्यायालयाने तो प्रश्न आपल्या कक्षेबाहेर ठेवला. दार उघडे होते. ज्या दाव्यासाठी यायचे तो दावा मात्र आत घेतला जात नव्हता.

एलोन मोरेनंतर जे घडले ते काळाच्या दुहेरी मापाचे उदाहरण आहे. वसाहतींसाठी आता 'सरकारी जमीन' घोषित करण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला, आणि त्याला आधार घेतला गेला १८५८ च्या ऑटोमन भूमिसंहितेचा. त्या संहितेनुसार विशिष्ट प्रकारची जमीन सलग दहा वर्षे कसणाऱ्याला तिच्यावर हक्क मिळतो, आणि सबळ कारणावाचून ती तीन वर्षे पडीक राहिल्यास तो जाऊ शकतो. वेस्ट बँकेतील बऱ्याच जमिनीची नोंदणी झालेली नव्हती, आणि नोंदणीची प्रक्रिया १९६८ मध्ये लष्करी आदेशानेच थांबवण्यात आली होती. परिणामी शेतकऱ्याला आपली सलग वहिवाट सिद्ध करावी लागली. त्याच्या कसण्यातील तीन वर्षांचा खंड त्याच्या विरुद्ध मोजला गेला, आणि ताब्याची वाढती वर्षे मात्र ताबा घेणाऱ्याच्या बाजूने मोजली जात राहिली. काळ दोघांसाठी एकच होता, माप एकच नव्हते.

येथे एक आक्षेप टाळता येणार नाही. जगातील बहुतेक राष्ट्रे कोणत्या ना कोणत्या विजयातून घडली आहेत. मग काळाला हक्कदाता न मानल्यास कोणते राष्ट्र वैध उरेल? खुद्द इस्रायलचे १९४९ च्या युद्धविराम रेषेच्या आतील अस्तित्वही प्रश्नांकित होणार नाही काय? माझ्या मते उत्तर असे की, ताब्याचे हक्कात रूपांतर संमतीने होते, काळाने नव्हे. १९४९ साली संयुक्त राष्ट्रांनी इस्रायलला सदस्यत्व दिले. १९९३ साली पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेने त्याचा अस्तित्वाचा अधिकार मान्य केला. ही संमती आहे, तिला अर्थ आहे. वेस्ट बँकेसंबंधी तशी संमती दिली गेलेली नाही. शिवाय ताब्याखाली दिलेली संमतीही कायदा संशयाने पाहतो : जिनीव्हा कराराच्या कलम ४७ नुसार स्थानिक अधिकाऱ्यांशी केलेल्या करारानेही संरक्षित व्यक्तींचे हक्क हिरावता येत नाहीत. वसाहतींत जन्मलेल्या मुलांचा माणूस म्हणून विचार करावाच लागेल. परंतु त्यांचा जन्म हा राज्याच्या दाव्याचा पुरावा होत नाही.

१९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेले सल्लागार मत या संदर्भात महत्त्वाचे आहे. २००४ च्या भिंतीविषयक मतात प्रश्न होता तो ताबा घेणाऱ्याच्या एका कृतीचा. २०२४ मध्ये न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी म्हटले की त्या प्रदेशांतील इस्रायलची उपस्थितीच बेकायदा आहे, आणि ती शक्य तितक्या लवकर संपवली पाहिजे. ताबा कसा चालवावा, येथपासून ताबा राहावा काय, येथपर्यंत प्रश्न सरकला. सल्लागार मत बंधनकारक नसते आणि त्याच्या पाठीशी सैन्य नसते. तरीही तात्पुरतेपणाचे गृहीतक कायमपणाची ढाल म्हणून वापरता येणार नाही, हे त्याने स्पष्ट केले.

हक्कांची ही भाषा एकपक्षी करण्याचा मोह पॅलेस्टिनी बाजूच्या समर्थकांनीही टाळला पाहिजे. जिनीव्हा कराराचे कलम ३३ सामूहिक शिक्षेस मनाई करते, आणि लगतचे कलम ३४ ओलीस ठेवण्यास. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हत्या व अपहरणे, आणि त्यानंतर गाझात झालेला हजारो नागरिकांचा संहार, यांचा विचार करताना यांपैकी एकच कलम वाचणारा वाचक संहिता वाचत नसतो, आपला पक्ष वाचत असतो.

ताब्याखालील समाजापाशी सैन्य नसते. बहुधा उरतो तो केवळ दावा. वर्षे उलटली म्हणून तो दावा जुना झाला, असे म्हणण्याचा अधिकार ज्याने ती वर्षे उलटू दिली त्याला नाही. वहिवाट मान्य करणाऱ्या आपल्या भाषेतही चोरीच्या वस्तूला वहिवाट नसते.