वेष आणि व्यक्ति

जाहिरातीनें नीतीचा उपदेश करावा अशी अपेक्षा कोणीहि सुज्ञ मनुष्य करणार नाहीं. माल खपविणें हें तिचें काम, आणि तें ती उघडपणें करते. तथापि तें करतां करतां कोणास पाहून हंसावें, कोणास पाहून हळहळावें आणि कोणास आपल्यांतलें मानावें, याचे धडेहि ती घरोघर देत असते. पारलिंगी व्यक्तींचें आणि भिन्नलिंगी वेष धारण करणारांचें जें चित्र जाहिरातींत दिसतें, त्याचा विचार या दृष्टीनें करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पुरुषानें लुगडें नेसणें महाराष्ट्रास नवें नाहीं. १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकांत बालगंधर्वांनीं भामिनीची भूमिका केली. त्यांच्या लुगड्यांची, दागिन्यांची व केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, हें सर्वश्रुत आहे. एक पैसा खर्च न करितां झालेली इतकी परिणामकारक जाहिरात विरळाच! पण त्या टाळ्यांच्या मुळाशीं एक मूक समजूत होती. पडदा पडला कीं हा वेष उतरेल, याची प्रेक्षकांस खात्री होती. पारलिंगी स्त्रीचें लुगडें पडदा पडल्यावर उतरत नाहीं. तें भूमिकेचें वस्त्र नव्हे, नित्याचें आहे. आमची रसिकता नेमकी येथें संपते. नटाच्या वेषास जिनें डोक्यावर घेतलें, तीच रसिकता या व्यक्तीस पाहून नाक मुरडते.

थट्टेच्या जाहिराती याच गोंधळावर जगतात. त्यांच्या लेखीं पारलिंगी व्यक्ति म्हणजे कोणी तरी घेतलेलें सोंग, आणि सोंग उघडें पाडण्यांत गंमत! ब्रिटनमध्यें २०१२ सालीं पॅडी पॉवर या पैजा घेणाऱ्या कंपनीनें घोड्यांच्या शर्यतींच्या निमित्तानें एक जाहिरात दाखविली. शर्यतीस जमलेल्या स्त्रियांत पारलिंगी कोण, हें प्रेक्षकांनीं ओळखावें, असें तिचें स्वरूप होतें. तेथील जाहिरात-नियामक संस्थेनें ती नियमबाह्य ठरविली. विनोद हीन होता एवढाच येथें दोष नव्हे. ‘ही खरी कोण?’ असें शोधावयास जो डोळा घरबसल्या शिकतो, तो आगगाडीच्या डब्यांत, भाड्यानें खोली देतांना आणि नोकरी मागावयास आलेल्या उमेदवारासमोरहि तेंच शोधूं लागतो. पडद्यावर जो क्षणाचा खेळ, तो त्या व्यक्तीस जन्मभर पुरतो.

आपल्या देशांत अलीकडे याच्या उलट वळणाच्या जाहिराती निघाल्या. २०१७ सालच्या विक्सच्या जाहिरातपटांत मुंबईच्या सामाजिक कार्यकर्त्या गौरी सावंत यांनीं स्वतः काम केलें. निवासी शाळेस निघालेली एक मुलगी आपल्या आईविषयीं बोलत असते. ती दत्तक आई पारलिंगी आहे, हें आपणांस उशिरा कळतें. आधीं माता आणि मागाहून तिची ही ओळख, हा क्रम आम्हांस मार्मिक वाटतो, कारण त्यामुळें प्रेक्षकाचा पूर्वग्रह जागा होण्यापूर्वींच त्याचें मन तिच्या बाजूस झुकलेलें असतें. तथापि रडणाराहि हंसणाराप्रमाणें पुष्कळदां दूरच उभा असतो. डोळे पुसून झाल्यावर तिला शेजारची खोली भाड्यानें देण्याचा प्रश्न येतो, तेव्हां त्या अश्रूंची खरी किंमत कळते.

यावर कोणी म्हणेल, कीं औषध विकण्यासाठीं एखाद्याचें दुःख वापरणें हीच मूळांत अनीति आहे. मनुष्यास केवळ साधन मानूं नये असें कांटनें सांगितलेंच आहे. आमच्या मतें या आक्षेपांत ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. राजीखुषीनें, योग्य मोबदला घेऊन स्वतःची कथा सांगणारी व्यक्ति केवळ साधन होत नाहीं. पारलिंगी मनुष्यानें मात्र जाहिरातींत काम करूं नये, असें म्हणणें म्हणजे सोंवळेपणाच्या नांवाखालीं त्याची रोजी बुडविणें होय.

खरा धोका निराळा आहे. अमेरिकेंत २०२३ च्या एप्रिलमध्यें बड लाइट या बियरच्या प्रचारांत एका पारलिंगी स्त्रीनें भाग घेतला. गिऱ्हाइकांनीं बहिष्कार घातला, खप घसरला, आणि कंपनीनें तिची बाजू घेण्याऐवजीं सारवासारव केली. गिऱ्हाइकीबरोबर आलेला मान हा असा गिऱ्हाइकीबरोबर निघूनहि जातो. १५ एप्रिल २०१४ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें आपलें लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला, तो कोणाचा खप वाढावा म्हणून नव्हे. २०११ च्या जनगणनेंत ‘इतर’ या सदराखालीं ४,८७,८०३ माणसें नोंदलीं गेलीं. इतक्या माणसांची प्रतिष्ठा कारखानदारांच्या हिशेबवहीवर सोंपवून स्वस्थ बसणें समाजास शोभत नाहीं.

मग जाहिरातीकडून अपेक्षा तरी काय करावी? थट्टा नको हें उघड आहे. पण सदैव करुणाहि नको. २०२३ सालीं स्टारबक्सच्या एका भारतीय जाहिरातींत बाप आपल्या मुलीच्या नव्या नांवानें कॉफी मागवितो, एवढाच प्रसंग होता. त्यावरहि गदारोळ झाला. परंतु वाट हीच योग्य होती. पारलिंगी स्त्री साबणाच्या जाहिरातींत येईल आणि ती जाहिरात केवळ साबणाविषयींच बोलेल, तेव्हां तिला आपल्यांत जागा मिळाली असें आम्ही समजूं.

तोंपर्यंत थोडें काम घरांतल्या वडील माणसांकडे आहे. अशी एखादी थट्टेची जाहिरात लागते, मूल खुदकन् हंसतें आणि आपल्या तोंडाकडे पाहतें. त्या वेळीं आपणहि हंसतों कीं काय, हें तें मूल पाहत असतें.