हौस कोणाची?

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी दोन गोष्टी हाताने करू लागलो : दिवाळीचा आकाशकंदील आणि फराळ. बांबूच्या कामट्या तासाव्यात, दोऱ्याने त्यांचा सांगाडा बांधावा, खळ शिजवून त्यावर पातळ रंगीत कागद डकवावा, खाली झिरमिळ्या सोडाव्यात. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. फराळाचे मात्र सारे नवे. १९७० साली निघालेली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' घरात होतीच. ती उघडून मी सत्तरीत चकलीची भाजणी शिकलो. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे निरनिराळे भाजायचे, दळून आणायचे, मोहन घालून पीठ भिजवायचे. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी पडले तर दाताखाली दगड. हा अंदाज जमण्यात जे सुख आहे, ते मला कचेरीतल्या कोणत्याही कामात मिळाले नव्हते.

खरे म्हणजे या खटाटोपाला काही कारण उरलेले नाही. दुकानात सारे तयार मिळते. मुली दूरदेशी, आणि आम्हां दोघांना गोड नि तळलेले जवळजवळ वर्ज्य. तरी मी करतो. तेव्हा मी मनाशी असा सिद्धान्त बांधला की, उतारवयात माणूस फळाची आशा सोडून केवळ करण्याच्या आनंदासाठी काम करू लागतो, आणि हाच खरा कर्मयोग. सिद्धान्त मला फार आवडला, म्हणून तो मी पत्नीला ऐकवला.

ती म्हणाली, "मग चाळीस वर्षं मी करत होते ते काय होतं?"

"तेही तेच."

"तेच कसं? परवा तुमची चकली विरघळली, तर तुम्ही हसत हसत झारा घेऊन मला दाखवायला आलात. माझी विरघळली असती तर?"

या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते. लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीत तिचा अनारसा तुपात हसला होता. तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून केलेले सारे वाया गेले. माझी आई पाहुण्यांदेखत जे बोलली ते मी ऐकले, आणि पाहुण्यांबरोबर मीही हसलो. त्या रात्री ही जेवली नाही. मी जेवलो.

हॅना आरेंट या विदुषीने १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात श्रम आणि निर्मिती असा भेद केला आहे. जगण्यासाठी पुन्हापुन्हा करावे लागते आणि वापरात संपून जाते ते श्रमाचे फळ. मागे टिकून राहते ती निर्मिती. भेद मार्मिक खरा, पण आमच्या स्वयंपाकघरात तो अडखळतो. चकली तीच, सोऱ्या तोच, खाऊन संपणेही तेच. तरी हिला ते श्रम होते आणि मला ती क्रीडा आहे. म्हणजे फरक वस्तूत नाही. तो दोन मुभांत आहे : 'यंदा करणार नाही' म्हणण्याची मुभा आणि बिघडवण्याची मुभा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. घराघरांत पापड त्यापूर्वीही लाटले जातच होते, पण त्याला काम कोणी म्हणत नव्हते. मोबदला मिळाला की काम ठरते, मुभा मिळाली की हौस ठरते. आणि दोन्ही नसली की आपण त्याला 'गृहिणीचा आनंद' असे नाव देतो.

तिला त्यात आनंद नव्हताच, असेही मी म्हणणार नाही. भाजणीचा वास घरभर सुटला की बरे वाटे, असे तीच सांगते. सक्तीतही आनंद उगवतो. पण तो होता की नव्हता, हे सांगण्याचा अधिकार तिचा. माझा सिद्धान्त तिच्या वतीने बोलत होता, हाच त्याचा दोष.

मग मी चकल्या सोडाव्यात काय? त्याने तिच्या चाळीस दिवाळ्या परत येणार नाहीत. मी त्या चालूच ठेवल्या. फक्त त्यांना कर्मयोग म्हणणे सोडले. आणि यंदा तिला विचारले, "तुला काय करावंसं वाटतं?" हे मी पूर्वी कधी विचारलेच नव्हते.

"कंदील," ती म्हणाली.

आमच्याकडे कंदील हे पुरुषांचे काम; आम्ही ओटीवर कागद कापत असू तेव्हा ती आत तळत असे. तिने पहिल्यांदाच कामट्या बांधल्या. सांगाडा जरा एका अंगाला कलला. त्याच्याकडे पाहून ती हसली नि म्हणाली, "असू दे." तो तसाच दारात लावला आहे.