बिनविटांची भिंत

८ मे २०२५ रोजी पोप चौदावे लिओ संत पेत्राच्या महामंदिराच्या सज्जात आले आणि अमेरिकेत जन्मलेले पहिले पोप म्हणून जगभर त्यांचे कौतुक झाले. काही दिवसांतच त्यांच्या आजोळाविषयीची एक हकीकत उजेडात आली. त्यांच्या आईचे आईवडील न्यू ऑर्लिन्स शहरातील क्रिओल कॅथलिक कुटुंबांतले होते. तेथील जुन्या सरकारी कागदपत्रांत त्यांची नोंद कृष्णवर्णीय वा मिश्रवर्णीय अशी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे कुटुंब शिकागोला गेले आणि पुढच्या नोंदीत ते 'गोरे' झाले. माणसे तीच होती, त्यांची श्रद्धाही तीच होती. बदलले ते गाव आणि जनगणनेच्या कागदावरचा रकाना. घरात या विषयाची चर्चा कधीच झाली नव्हती, असे पोपमहोदयांच्या बंधूंनी सांगितले.

त्या कुटुंबाला दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. घर कोठे घ्यावे, मुलांनी कोणत्या शाळेत जावे, रुग्णाला कोणत्या इस्पितळाने दारातून आत घ्यावे, हे ज्या काळी त्या एका रकान्यावर ठरत होते, त्या काळी कितीतरी कुटुंबांनी हे मौन पत्करले. आमच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. तो रकाना आता कायद्याने निरर्थक ठरला आहे. मग त्याने आखलेल्या सीमा अजून का टिकल्या आहेत? आणि त्या आखणारे हात केव्हाच मातीत मिसळले असतील, तर त्या टिकून राहण्याचे पाप कोणाच्या माथी?

कायद्यापुरते पाहिले तर अमेरिकेने फार मोठी मजल मारली आहे. वेगळी पण समान व्यवस्था चालेल, असे १८९६ साली म्हणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांच्या बाबतीत तो विचार फेटाळला. १९६४ साली नागरी हक्कांचा, १९६५ साली मताधिकाराचा आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, घरांच्या खरेदी-विक्रीतील व भाड्यातील भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. २००८ साली त्या देशाने एका कृष्णवर्णीय नागरिकाला राष्ट्राध्यक्षपदी निवडले. १९७० सालाशी तुलना करता वस्त्यांमधील विलगताही कमी झाली आहे. हे सारे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट, क्लीव्हलँड या शहरांत आजही एका रस्त्याच्या अलीकडे एक अमेरिका आणि पलीकडे दुसरी अमेरिका राहते.

डेट्रॉइटमध्ये एक भिंत आहे. सुमारे अर्धा मैल लांब, पुरुषभर उंच आणि काँक्रीटची. १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाला गोऱ्यांसाठी घरे उभारायची होती, पण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती. घरांच्या कर्जांना हमी देणारे सरकारी खाते अशा जागेला हमी देत नसे. त्याने मधे भिंत घातली आणि हमी मिळाली. त्या भिंतीचे काही भाग अजून उभे आहेत. मुलांनी व रहिवाशांनी त्यांवर चित्रे रंगविली आहेत. आज तिच्या दोन्ही बाजूंना प्रामुख्याने कृष्णवर्णीय राहतात. गोरी कुटुंबे केव्हाच शहराची हद्द ओलांडून उपनगरांत गेली. काँक्रीटची भिंत निरुपयोगी झाली, कारण तिच्याहून भक्कम अशी भिंत पलीकडे तयार झाली होती. ती नगरपालिकेच्या हद्दीची रेषा होती आणि तिला एकही वीट लागली नाही.

ही रेषा आपोआप पडली नाही. १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने शहरांचे नकाशे तयार करविले. सर्वांत सुरक्षित वस्ती हिरवी आणि सर्वांत धोक्याची तांबडी, अशी त्यांची रंगयोजना होती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सर्वत्र तांबड्या रंगात पडल्या. १९३४ साली आलेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने कर्जहमीचे धोरणही त्याच विचाराने आखले. युद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाची प्रचंड वसाहत उभी राहिली. गोऱ्यांखेरीज कोणी तेथे राहू नये, अशी अट सुरुवातीच्या करारांत होती. अट गेली, पण आजही तेथे कृष्णवर्णीयांचे प्रमाण अगदी अल्प आहे. त्या काळी स्वस्त हप्त्यांत घर घेणाऱ्या कामगाराच्या घराची किंमत वाढत गेली, तिच्या आधाराने मुले महाविद्यालयांत शिकली आणि नातवंडांना पहिल्या घरासाठी रक्कम मिळाली. ज्याला तेव्हा कर्जच मिळाले नाही, त्याच्या नातवंडांना काय मिळणार? फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सुमारे सहापट आढळली. या तफावतीला इतरही कारणे आहेत, परंतु त्या तांबड्या रंगाचा वाटा त्यात मोठा आहे.

शाळांचेही असेच झाले. तेथील सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा हिस्सा स्थानिक मालमत्ता करातून येतो. घरे महाग तेथे शाळा संपन्न, आणि शाळा संपन्न म्हणून घरे आणखी महाग. डेट्रॉइटच्या शाळांतील विलगता मोडायची तर शहराबरोबर भोवतालच्या ५३ उपनगरी शाळा-विभागांनाही योजनेत घ्यावे लागेल, असे खालच्या न्यायालयाने म्हटले होते. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते अमान्य केले. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नसताना त्यांच्यावर हा भार टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आमच्या विषयाचे मर्म याच निकालात आहे. न्यायालयाने विचारले, अपराध कोणी केला? उत्तर आले, यांनी नाही. म्हणून त्यांना मोकळे सोडण्यात आले. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण श्रद्धावंताच्या सदसद्विवेकाला तेवढ्यावर थांबता येईल काय?

संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या श्रीमंताने लाजराला मारले नाही, हाकलले नाही, त्याच्या अंगावर कुत्रीही सोडली नाहीत. लाजराचे दारिद्र्य त्याने निर्माण केले, असेही प्रभू येशू सांगत नाही. तो फक्त आपल्या दाराच्या आत सुखाने राहिला. शेवटी दोघांमध्ये जी ओलांडता न येणारी दरी पडली, ती त्या दारापासूनच सुरू झाली होती. डॉ. किंग यांनी ३१ मार्च १९६८ रोजी, म्हणजे हत्येच्या चार दिवस आधी, वॉशिंग्टनमधील प्रवचनात याच दाखल्याची आठवण करून दिली होती.

येथे दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, माणसे आपल्यासारख्यांत राहणे पसंत करतात; इटालियन, पोलिश, आयरिश लोकांनीही आपापल्या वस्त्या केल्याच होत्या. हे खरे आहे. आपले लोक परदेशी गेले की तेही प्रथम आपली माणसे आणि आपले चर्च शोधतात. परंतु एकत्र राहणे निराळे आणि कोंडले जाणे निराळे. इटालियन मुलगा शिकून मिळवता झाला की वस्ती सोडून हवे तेथे घर घेऊ शकत असे. कृष्णवर्णीय डॉक्टरही पैसे हातात घेऊन त्याच रस्त्यावर गेला, तर त्याच्या खिडक्यांवर दगड पडत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बापाच्या पापाबद्दल मुलाला शिक्षा नाही, ही यहेज्केल संदेष्ट्याची शिकवण आपण मानतो; मग आजच्या पिढीने आजोबांच्या अपराधाचे ओझे का वाहावे? आमचे नम्र मत असे की, अपराध वारशाने येत नाही, पण देणे येते. वडिलांची वाडी आपण घेतो तेव्हा वाडीवरचे कर्ज माझे नाही, असे म्हणता येत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ च्या प्रबोधनपत्रात सामाजिक पापाचा ऊहापोह केला आणि १९८७ च्या परिपत्रकात पापाच्या रचनांविषयी लिहिले. अशा रचना माणसांच्या वैयक्तिक पापांतूनच घडतात, आणि ज्यांना त्या बदलणे शक्य असते, पण जे सोयीसाठी वा भीतीपोटी स्वस्थ बसतात, त्यांच्यामुळे त्या टिकतात, हे त्या शिकवणुकीचे सार आहे.

ख्रिस्तसभेने हा धडा इतरांना देण्यापूर्वी स्वतःच्या अंगणाकडे पाहायला हवे. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम स्त्रीपुरुष व मुले विकली आणि त्या पैशांतून जॉर्जटाउनच्या महाविद्यालयाला आधार मिळाला. गुलामीत जन्मलेल्या ऑगस्टस टोल्टन यांना अमेरिकेतील एकाही सेमिनरीने प्रवेश दिला नाही; १८८६ साली त्यांची गुरुदीक्षा रोममध्ये झाली. ५ ऑगस्ट १९६६ रोजी शिकागोच्या मार्केट पार्क भागात डॉ. किंग यांच्या डोक्यावर दगड बसला. त्या दिवशी दगड फेकणाऱ्या जमावात अनेक कॅथलिक होते, आणि मोर्चात चालणाऱ्यांमध्ये धर्मगुरू व व्रतस्थ भगिनीही होत्या. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारणारे लोक त्या रस्त्याच्या दोन बाजूंना उभे होते.

परंतु याच सभेत धैर्याची उदाहरणेही आहेत. सेंट लुइसचे आर्चबिशप रिटर यांनी १९४७ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या सात वर्षे आधी, कॅथलिक शाळा सर्व वर्णांच्या मुलांना खुल्या केल्या आणि विरोध करणाऱ्या पालकांना बहिष्काराचा इशारा दिला. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनी १९६२ साली अशाच विरोधाबद्दल तिघांना प्रत्यक्ष बहिष्कृत केले. येशूसंघीयांनी २०१७ साली त्या २७२ जणांच्या वंशजांची क्षमा मागितली आणि २०२१ साली वंशजांसह एक प्रतिष्ठान स्थापून दहा कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. आजच्या येशूसंघीयांपैकी कोणीही माणूस विकलेला नाही. तरीही, हे आमचे नव्हे, असे त्यांनी म्हटले नाही. जक्कयने लुबाडलेले चौपट परत करीन म्हटले, तेव्हा त्याच्या घरी तारण आले. पश्चात्तापाला हिशेबाची वही उघडावी लागते, ती अशी.

वाचक म्हणतील, सातासमुद्रांपलीकडच्या या भिंतीशी आपला काय संबंध? महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, तेव्हा त्यांनी तो संबंध जोडूनच दिला होता. आज तो आणखी जवळ आला आहे. १९६५ साली अमेरिकेने वंशावर बेतलेले जुने स्थलांतर धोरण टाकले आणि आपल्या मुलांना ते दार उघडले. ते दार नागरी हक्कांच्या लढ्याने बदललेल्या हवेत उघडले गेले. त्यासाठी रक्त सांडणाऱ्यांत आपले कोणी नव्हते. आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून मुलगा, सून, पुतणी तेथे नांदत आहेत. दूरध्वनीवर ती आनंदाने सांगतात, घर महाग पडले, पण इथली शाळा फार चांगली आहे हो. आपणही समाधानाने देवाचे आभार मानतो. शाळा चांगली का आणि घर महाग का, हे ना आपण विचारतो, ना त्यांना कोणी सांगितलेले असते. भिंत बांधताना आपण नव्हतो, पण तिच्या सावलीच्या सुखकर बाजूला आपले घर आहे.

आपल्या मुलांनी ते घर सोडावे, असे आम्ही म्हणत नाही. मुलांसाठी चांगली शाळा शोधणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. परंतु त्या देशातील अनेक उपनगरांचे नियम असे आहेत की मोठ्या भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर बांधता येते; लहान सदनिकांच्या इमारतींना मज्जाव असतो. त्या नियमांत वर्णाचा उल्लेख नाही आणि त्याची गरजही उरलेली नाही. कधीतरी गावच्या सभेत, बेताच्या मिळकतीच्या लोकांसाठी थोडी घरे बांधू द्यावीत, असा प्रस्ताव येतो. शेजारीपाजारी उठून रहदारीबद्दल बोलतात, शाळेतल्या गर्दीबद्दल बोलतात, घरांच्या किमतींबद्दल बोलतात. कोणीही वाईट शब्द उच्चारत नाही. मग हात वर करून मते घेतली जातात.

त्या सभागृहात आपला मुलगा बसलेला असेल. त्याचे बाप्तिस्म्याचे पाणी आणि पहिल्या कम्युनियनची मेणबत्ती आपण पाहिली आहे. लाजराची गोष्ट त्याला आपणच सांगितली आहे. तो हात कोणत्या बाजूने वर करील, याची चिंता त्याच्या पगाराच्या आणि घराच्या चौकशीइतकीच आपण केली पाहिजे. पुढच्या वेळी दूरध्वनी येईल तेव्हा, शाळा कशी आहे, एवढे विचारून थांबू नये. त्या शाळेत कोण येऊ शकत नाही, हेही एकदा विचारावे.